मोपा ते जळगाव: दोन विमानतळांमधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ अचूक कसा काढावा

गोव्याहून जळगाव, सोलापूर, पुणे किंवा हैदराबादला विमानाने जायचे ठरले की बहुतेक जण मोबाइलवर दोन शहरांची नावे टाकून अंतर शोधतात, समोर येणारा पहिला आकडा उचलतात आणि त्यावर दिवसाचा सगळा बेत आखतात. तो आकडा सहसा खोटा नसतो, पण तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर असतो. कुणाला पणजीपासून मोजलेले अंतर मिळते, कुणाला दाभोळीपासूनचे. कुणाला मोठ्या जेट विमानाच्या वेगाने भागून काढलेला वेळ मिळतो, आणि प्रत्यक्षात त्या मार्गावर पंख्याचे विमान उडत असते. मग पोहोचण्याची वेळ चुकते, पुढची गाडी सुटते आणि घ्यायला आलेला माणूस तासभर ताटकळतो.

या लेखात मोपा ते जळगाव हा एकच मार्ग घेऊन सगळा हिशोब पायरीपायरीने मांडला आहे. फ्लाय ९१ या गोव्यातील कंपनीने २०२४ मध्ये हा मार्ग एटीआर या पंख्याच्या विमानाने सुरू केला. तुमचा मार्ग दुसरा असला तरी पायऱ्या त्याच आणि क्रमही तोच राहील. क्रम बदलू नये, कारण पहिल्या टप्प्यातली चूक शेवटच्या टप्प्यापर्यंत तशीच वाहत जाते.

तयारी: हिशोबाला बसण्यापूर्वी

तिकीट काढले असेल तर ते समोर ठेवावे. काढले नसेल तर विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचे त्या तारखेचे वेळापत्रक उघडावे. कागद, गणकयंत्र आणि मोबाइलवरचा नकाशा एवढे साहित्य पुरते. जुना स्क्रीनशॉट किंवा मागच्या वर्षी जाऊन आलेल्या नातेवाइकाची आठवण यावर विसंबू नये. आपल्याकडे विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात: उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होते आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. लहान मार्गांवर तर आठवड्याचे ठरावीक वारच उड्डाण असते आणि हंगाम बदलला की ते वारही बदलू शकतात.

टप्पा १: दोन्ही टोकांचे विमानतळ पक्के करा

गोव्यात ५ जानेवारी २०२३ पासून दोन विमानतळ प्रवासी वाहतुकीसाठी चालू आहेत. मुरगाव तालुक्यातील दाभोळीचा सांकेतिक शब्द जीओआय, तर पेडणे तालुक्यातील मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचा जीओएक्स. तिकिटावर ‘गोवा’ हा शब्द ठळक असतो आणि ही तीन अक्षरे बारीक. वाचायची असतात ती बारीक अक्षरेच.

दोन्ही विमानतळांमधले आकाशातले सरळ अंतर सुमारे ४० कि.मी. आहे, पण रस्त्याने ते ६० कि.मी.च्या पुढे जाते, कारण वाटेत झुआरी, मांडवी आणि कोलवाळची नदी, तिन्ही ओलांडाव्या लागतात. त्यामुळे चुकीच्या विमानतळावर जाऊन उभे राहिल्यावर टॅक्सीने दुसरा गाठू, हा हिशोब जवळपास कधीच जमत नाही.

दुसऱ्या टोकालाही हीच दक्षता घ्यावी. नाशिकचा विमानतळ ओझरला आहे, शिर्डीचा काकडीला, बेळगावचा सांबऱ्याला आणि सिंधुदुर्गचा चिपीला. मुंबईलाही आता नवी मुंबई हा दुसरा विमानतळ आहे. तिकिटावर शहराचे नाव दिसले म्हणून विमान शहरातच उतरते असे नाही.

सावधान: दाभोळीचा विमानतळ नौदलाच्या हंसा तळावर आहे आणि पुण्याचा लोहगाव हवाई दलाच्या तळावर. अशा ठिकाणी नागरी उड्डाणांच्या वेळा लष्करी गरजा सांभाळून ठरतात. म्हणून ‘सकाळी एखादे विमान असेलच’ असे गृहीत धरून पुढचे काही ठरवू नये.

टप्पा २: सरळ अंतर स्वतः काढा

नकाशावर विमानतळाच्या धावपट्टीच्या मध्यावर बोट दाबून धरले की अक्षांश-रेखांश दिसतात. शहराच्या नावावर दाबू नये, धावपट्टीवरच दाबावे. दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत आकडे घेतले तरी पुरतात.

मोपा: अक्षांश १५.७४, रेखांश ७३.८६.
जळगाव: अक्षांश २०.९६, रेखांश ७५.६३.

आता हिशोब असा. अक्षांशांतला फरक ५.२२ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ कि.मी., म्हणून उत्तर-दक्षिण अंतर ५७९ कि.मी. झाले. रेखांशांतला फरक १.७७ अंश. त्यालाही १११ने गुणले तर १९६ येतात, पण रेखावृत्ते उत्तरेकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत असल्याने हा आकडा थोडा कमी करावा लागतो. दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाचे, म्हणजे सुमारे १८.३५ अंशांचे कोसाइन (गणकयंत्रावरचे cos बटण) ०.९५ आहे, त्याने गुणले की पूर्व-पश्चिम अंतर १८७ कि.मी. मिळते. ५७९ आणि १८७ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की उत्तर येते सुमारे ६०८ कि.मी.

कोसाइनची पायरी वगळली तर काय बिघडते, असे पुष्कळ जण विचारतात. या मार्गावर फारसे बिघडत नाही. उत्तर तीनेक किलोमीटरने वाढते, कारण मार्ग मुख्यतः उत्तर-दक्षिण आहे. पण मोपा ते हैदराबाद असा पूर्वेकडे जाणारा मार्ग घेतला तर खरे उत्तर सुमारे ५१४ कि.मी. येते आणि पायरी वगळल्यास ५३४. पूर्व-पश्चिम मार्गांसाठी ही पायरी गाळू नये.

पृथ्वी गोल असताना सपाट कागदाचे सूत्र कसे चालते, ही शंकाही रास्त आहे. गोव्याहून महाराष्ट्र, कर्नाटक किंवा तेलंगणापर्यंतच्या अंतरांत या सूत्राने पडणारा फरक आपल्या कामापुरता नगण्य असतो. गोवा ते दिल्लीसारख्या लांबच्या मार्गासाठी मात्र नकाशातील अंतर मोजण्याची सोय वापरावी. ती गोल पृथ्वी धरून मोजते.

पडताळणी: मोजणीचे एकक पाहा. विमान वाहतुकीत सागरी मैल चालतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ कि.मी. जमिनीवरचा साधा मैल १.६०९ कि.मी.चा. आपले ६०८ कि.मी. म्हणजे ३२८ सागरी मैल किंवा ३७८ साधे मैल. ‘३२८ मैल’ असे वाचून त्याला १.६ने गुणणारा माणूस मार्ग ५२५ कि.मी.चा समजतो आणि तिथेच ऐंशीहून अधिक किलोमीटर हरवतात.

‘गोवा’ म्हणून दाभोळी धरले असते तर हेच अंतर सुमारे ६४८ कि.मी. झाले असते. हवेत हा फरक पाच मिनिटांचा आहे. जमिनीवर तो फार महागात पडतो.

टप्पा ३: विमान कोणते, ते पाहा

अंतर हातात आले की लगेच वेगाने भागायची घाई होते. आधी विमानाचा प्रकार पाहावा. बुकिंग करताना उड्डाणाच्या तपशिलात तो लिहिलेला असतो. एटीआर ७२ हे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० कि.मी. वेगाने आणि जास्तीत जास्त ७,६०० मीटर उंचीवरून उडते. एअरबस ए३२० हे जेट पूर्ण उंचीवर ताशी ८३० कि.मी.च्या आसपास जाते. एकाच मार्गावर दोन कंपन्यांच्या वेळांत वीस-पंचवीस मिनिटांचा फरक दिसला तर कारण बहुधा हेच असते. लहान विमानतळांच्या तुलनेने आखूड धावपट्टीवर एटीआर सहज उतरते, म्हणून प्रादेशिक मार्गांवर तेच जास्त दिसते. अंतराची आणि वेळेची आपोआप गणिते करणारी संकेतस्थळे मात्र बरेचदा जेटचाच वेग धरून चालतात.

टप्पा ४: वेळ तीन भागांत काढा

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यात होतात, म्हणून इथे थोडे थांबून वाचावे.

पहिला भाग: मार्गाची लांबी. विमान सरळ रेषेत जात नाही. मोपा आणि दाभोळी या दोन्ही धावपट्ट्या ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहेत. विमान वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडते, त्यामुळे दुपारी समुद्रावरून वारा येत असताना ते बहुधा पश्चिमेकडे उडते आणि मग वळून आपली वाट धरते. जळगाव उत्तरेला आहे, म्हणजे हे वळण अंतरात जमा होते. त्यानंतर ठरलेले हवाई मार्ग, उतरण्यापूर्वीची रांग आणि लष्करी हवाई क्षेत्रे टाळण्यासाठीचा वळसा. सरळ अंतरात पाच ते दहा टक्के भर घालावी. आपण सहा टक्के धरू: ६०८चे झाले ६४५ कि.मी.

दुसरा भाग: हवेतला वेळ. ६४५ला ५००ने भागले की ७७ मिनिटे येतात. पण विमान उडाल्याबरोबर ५००चा वेग गाठत नाही. चढताना आणि उतरताना ते बरेच संथ असते. त्यासाठी एटीआरला साधारण १० मिनिटे वाढवावीत, जेटला १५ ते १८, कारण जेट जास्त उंचीवर जाते आणि तिथून खाली यायलाही त्याला जास्त अंतर लागते. आपला हवेतला वेळ झाला ८७ मिनिटे.

तिसरा भाग: जमिनीवरचे सरकणे. तिकिटावरची सुटण्याची वेळ ही विमान जागेवरून हलण्याची वेळ असते, चाके धावपट्टी सोडण्याची नव्हे. तसेच पोहोचण्याची वेळ म्हणजे विमान आपल्या जागी येऊन थांबण्याची वेळ. या दोन क्षणांमधल्या एकूण वेळाला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. मोपा आणि जळगाव मिळून सरकण्यासाठी १२ मिनिटे धरली तर ब्लॉक टाइम ९९ मिनिटे, म्हणजे जवळपास १ तास ४० मिनिटे होतो.

आता हाच वेळ जेटचा वेग धरणाऱ्या संकेतस्थळाच्या पद्धतीने काढून पाहा. ६०८ला ८३०ने भागले की ४४ मिनिटे. पाऊण तास आणि पावणेदोन तास यांतली ही तफावत कुणाच्याही बेताला पुरून उरेल अशी आहे.

सावधान: ‘पाचशे किलोमीटर म्हणजे एक तास’ हे समीकरण वापरू नये. केंद्र सरकारच्या उडान या प्रादेशिक विमानसेवा योजनेत सुरुवातीला सुमारे ५०० कि.मी.च्या किंवा तासाभराच्या प्रवासासाठी २,५०० रुपयांची भाडेमर्यादा ठेवली होती, त्यावरून हे समीकरण अनेकांच्या मनात पक्के बसलेले दिसते. ती भाडे ठरवण्याची फूटपट्टी होती. त्यावरून पोहोचण्याची वेळ काढता येत नाही.

मार्ग जितका छोटा तितकी ही चूक मोठी होते. मोपा ते मुंबई सरळ अंतर सुमारे ३८६ कि.मी. आहे, जेटच्या वेगाने नुसता भागाकार केला तर २८ मिनिटे येतात. वेळापत्रकात मात्र तासाहून अधिक वेळ असतो आणि मुंबईच्या आकाशात उतरायला रांग लागली तर तोही अपुरा पडतो.

टप्पा ५: उत्तर ताडून पाहा

काढलेला ब्लॉक टाइम कंपनीच्या वेळापत्रकाशी ताडावा. पाच-दहा मिनिटांचा फरक असेल तर हिशोब बरोबर आहे. कंपन्या वेळापत्रकात थोडी मिनिटे राखून ठेवतात, म्हणून त्यांचा आकडा सहसा मोठा असतो. फरक वीस मिनिटांहून जास्त निघाला तर क्रमाने तीन गोष्टी तपासाव्यात: विमानतळ बरोबर धरला का, विमानाचा प्रकार बरोबर आहे का, आणि उड्डाण थेट आहे का. मध्ये एका ठिकाणी थांबून त्याच क्रमांकाने पुढे जाणारी उड्डाणे असतात, आणि त्यांचा एकूण वेळ थेट उड्डाणाचा समजून लोक गोंधळतात.

त्यानंतर विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर त्याच क्रमांकाच्या उड्डाणाचे मागचे सात-आठ दिवस पाहावेत. तिथे दिसणारा वेळ बहुधा उडाल्यापासून उतरेपर्यंतचा असतो, म्हणून तो आपल्या ८७ मिनिटांशी ताडायचा, ९९शी नव्हे. जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा पाहावा. समोरून ताशी ५० कि.मी. वारा असेल तर ५००चा वेग जमिनीच्या हिशोबाने ४५० होतो आणि आपल्या मार्गावर आठ-नऊ मिनिटे वाढतात. तोच वारा परतताना पाठीशी असतो.

जून ते सप्टेंबर या काळासाठी वेगळी तजवीज लागते. मोपा पठारावर आहे, ढग खाली उतरले की दृश्यमानता घसरते. एटीआर कमी उंचीवरून उडत असल्यामुळे पावसाळी ढगांच्या वरून जाण्याऐवजी त्यांना वळसा घालावा लागतो. माझ्या मते या चार महिन्यांत पोहोचण्याच्या वेळेत किमान अर्धा तास मोकळा ठेवावा आणि त्याच संध्याकाळी लग्नाचा मुहूर्त किंवा परीक्षा असेल तर आदल्या दिवशीचे उड्डाण घ्यावे.

टप्पा ६: घर ते घर हिशोब उलट्या दिशेने मांडा

इथे सुरुवात उड्डाणाच्या वेळेपासून करून मागे यायचे असते. समजा, मोपाहून विमान दुपारी २ वाजता सुटणार आहे आणि प्रवासी मडगावचा आहे.

बहुतेक कंपन्यांचे काउंटर देशांतर्गत उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतात, म्हणजे १ वाजता. बोर्डिंगचे दार सुटण्याच्या २०-२५ मिनिटे आधी बंद होते. सामान द्यायचे असेल तर सव्वाबाराला विमानतळावर असावे. मडगावहून मोपापर्यंत दोन तास धरावेत. म्हणजे सव्वादहाला घराबाहेर पडायचे. विमान ३ वाजून ३९ मिनिटांनी जळगावला थांबेल. सामान घेऊन शहरात पोहोचेपर्यंत सव्वाचार. एकूण सहा तास, आणि त्यांतला हवेतला वेळ दीड तासाहूनही कमी. ज्येष्ठांना किंवा लहान मुलांना घेऊन निघताना औषध आणि जेवणाच्या वेळा या सहा तासांवरून ठरवाव्यात.

रस्त्याचा वेळ काढताना किलोमीटरवर जाऊ नये. पणजी ते मोपा सुमारे ३५ कि.मी. आहे, पण पर्वरीत उन्नत मार्गाचे काम चालू असेतोवर सकाळी आणि संध्याकाळी तिथे किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. पणजीहून दीड तास धरणे शहाणपणाचे. फोंड्याकडच्यांना डिचोली-अस्नोडामार्गे जाऊन पर्वरी टाळता येते. धारगळला महामार्ग सोडून विमानतळाच्या जोडरस्त्याला लागले की पुढचा पल्ला विनाअडथळा होतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आणि डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात यात आणखी अर्धा तास घालावा.

कदंबच्या बसने जाणाऱ्यांनी बसची वेळ आधी पाहावी आणि तीवरून निघण्याची वेळ ठरवावी. ज्या बसने नेमके वेळेवर पोहोचता येते तिच्या आधीची बस पकडावी. परतीचे विमान रात्री उशिरा उतरत असेल तर टॅक्सी आगाऊ ठरवून ठेवावी.

पडताळणी: कागदावर आता चार वेळा लिहिलेल्या असाव्यात: घर सोडण्याची, विमानतळावर पोहोचण्याची, विमान सुटण्याची आणि मुक्कामी पोहोचण्याची. यांपैकी एक जरी नसेल तर हिशोब अपुरा आहे.

टप्पा ७: पुढचे विमान जोडायचे असेल तर

दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील तर मधला वेळ कंपनीने ठरवलेला असतो आणि पहिले विमान उशिरा आल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी तिच्यावर येते. स्वतंत्र तिकिटे असतील तर सगळी जोखीम प्रवाशाची असते. अशा वेळी एकाच विमानतळावर किमान तीन तास ठेवावेत.

एक विमान दाभोळीला उतरते आणि दुसरे मोपाहून सुटते, अशी जोडणी स्वस्त तिकिटाच्या मोहाने पुष्कळ जण करतात, विशेषतः आखातातून येणारे. सामान मिळायला पाऊण तास, कुठ्ठाळी, पणजी आणि पर्वरी ओलांडून मोपाला पोहोचायला दोन तास, काउंटर बंद होण्याआधीचा एक तास आणि पहिल्या विमानाच्या उशिरासाठी एक तास. पाच तासांपेक्षा कमी अंतर असेल तर असे तिकीट काढू नये. बाहेरच्या देशातून येताना घड्याळाकडेही लक्ष असावे: तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणून तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी केली तर येतानाचा प्रवास दीड तासाने लांबलेला आणि जातानाचा तेवढाच आखूड झालेला दिसतो.

टप्पा ८: ब्लॉक टाइम लिहून ठेवा

हा आकडा विमान रद्द झाल्यावरही उपयोगी पडतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत भरपाईचे टप्पे ब्लॉक टाइमवरच आधारलेले आहेत. कंपनीने नियमानुसार पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केले आणि कारण तिच्या नियंत्रणाबाहेरचे नसेल, तर एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० रुपये आणि दोन तासांहून अधिक असल्यास १०,००० रुपये, किंवा मूळ एकेरी भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देय होते. मोपा-जळगाव मधल्या टप्प्यात बसते. अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशाला अल्पोपाहाराची सोय मिळायला हवी.

दावा करताना संकेतस्थळावरचा अंदाजे वेळ लिहू नये. तिकिटावरची सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ लिहावी, त्यांतला फरक मिनिटांत मांडावा आणि तिकिटाची प्रत जोडावी. विमान रद्द झाल्याचा संदेश ज्या वेळी आला ती वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवावा, कारण पूर्वसूचना वेळेत होती की नव्हती, हा मुद्दा त्यावरच ठरतो.